नळांतला कली

नळ म्हटला कीं मराठी वाचकास प्रथम निषध देशाचा राजा आठवतो आणि मग मोरींतला नळ आठवतो. हा क्रम योग्यच आहे, कारण पहिल्याचें आख्यान कवींनीं पिढ्यान्‌पिढ्या गाइलें, दुसऱ्याचें कोणीं गाइलें नाहीं. पाणी आलें नाहीं म्हणजे लोक नळाला नांवें ठेवतात, आणि आलें म्हणजे नळाकडे पाठ फिरवून हंड्याकडे पाहतात. आम्ही गेलीं सत्तावीस वर्षें एका जिल्ह्याच्या गांवीं महाविद्यालयांत पदार्थविज्ञान शिकवीत आलों आहों. त्या निमित्तानें दरवर्षीं पावसाळ्याच्या भरांत, वर्गाच्या खिडक्या लावून घेऊन, नळाची भिंत किती जाड असावी हा प्रश्न आम्हांस फळ्यावर मांडावा लागतो. विषय रुक्ष आहे अशी विद्यार्थ्यांची तक्रार असते. सहा वर्षांपूर्वींपर्यंत त्या तक्रारीवर आम्ही नुसते हंसत असूं.

आंतल्या दाबाचा विचार सोपा आहे. नळ लांबीच्या दिशेनें मधोमध चिरून त्याचे दोन पन्हळ झाले अशी कल्पना करावी. आंतलें पाणी या दोन पन्हळांना एकमेकांपासून दूर लोटूं पाहतें. दर सेंटिमीटर लांबीमागें तें ज्या जोरानें लोटतें, तो जोर म्हणजे पाण्याचा दाब गुणिले नळाचा व्यास. पन्हळांना एकत्र धरून ठेवणाऱ्या भिंती दोन. प्रत्येकीच्या वांट्यास निम्मा जोर. एवढेंच काय तें गणित. दाब दुप्पट झाला तर भिंत दुप्पट जाड हवी, आणि दाब तोच राहून व्यास दुप्पट झाला तरीही दुप्पट जाड हवी. आमच्या पाठ्यपुस्तकांत हें सूत्र पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञाच्या नांवावर मोडतें. पण त्याच्या पूर्वीं सुमारें दीडशें वर्षें फ्रान्सांतील एद्‌म मारिओत यानें हीच गोष्ट प्रयोगानें ताडली होती. त्या वेळीं व्हर्सायच्या राजवाड्यांतील कारंज्यांना पाणी पुरविण्याची खटपट चालली होती. मारिओतनें एका पिंपावर उंच उभी नळी बसविली, नळींत पाणी चढवीत नेलें, आणि पिंप फुटेपर्यंत तो थांबला नाहीं. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६८६ सालीं, प्रसिद्ध झाला. राजाच्या करमणुकीच्या कारंज्यांतून प्रजेच्या उपयोगाचें सूत्र निघावें, ही इतिहासाची नेहमींची चाल आहे.

फ्रान्सपर्यंत जाण्याचें तसें कारण नाहीं. १९१५ सालीं खोपोलीस टाटांचें जलविद्युत्‌केंद्र सुरू झालें. लोणावळ्याच्या आसपासच्या तलावांतलें पाणी घाटमाथ्यावरून नळांतून सुमारें सव्वापांचशें मीटर खालीं उतरतें. आगगाडीच्या खिडकींतून डोंगराच्या उतरणीवर ते नळ कित्येकांनीं पाहिले असतील. पायथ्याशीं पाण्याचा दाब चौरस सेंटिमीटरला बावन्न किलोंच्या वर जातो. म्हणजे आंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर एक धडधाकट माणूस उभा आहे असें समजावें. उदाहरणादाखल एक मीटर व्यासाचा नळ घेतला तर दर सेंटिमीटर लांबीस ५,२०० किलोंचा जोर त्याला फाडूं पाहील; आणि पोलादावर चौरस सेंटिमीटरला १,२०० किलोंहून अधिक ताण पडूं द्यावयाचा नाहीं असें ठरविलें, तर त्याची भिंत दोन सेंटिमीटरांहून जाड ठेवावी लागेल. तोच नळ घाटमाथ्याशीं, जेथें पाण्याचा भार थोडा, तेथें पुष्कळ पातळ असला तरी चालतो. जसजसें खालीं उतरावें तसतशी नळाची कातडी जाड होत जावी, हा हिशेब विद्यार्थ्यांना पटकन्‌ पटतो.

आणखी एक गोष्ट येथेंच सांगून ठेवितों, कारण ती पुढें लागणार आहे. आंतल्या दाबानें नळाच्या घेराला जितका ताण बसतो त्याच्या निम्माच त्याच्या लांबीला बसतो. म्हणून केवळ पाण्याच्या दाबानें फुटणारा नळ लांबीच्या दिशेनें उभा फाटतो. तो काकडीसारखा आडवा तुटत नाहीं. जमिनींतला बिडाचा नळ आडवा तुटलेला सांपडला, तर दोष बहुधा पाण्याच्या दाबाचा नसून खालची जमीन खचल्याचा आहे असें समजावें.

वाहतें पाणी एकाएकीं अडविलें म्हणजे दाबाचा जो तडाखा बसतो त्याचें प्रकरण निराळें. रशियांतील निकोलाय झुकोव्स्की यानें मॉस्कोच्या पाण्याच्या नळांवर प्रयोग करून १८९८ सालीं त्याचें गणित प्रसिद्ध केलें. लोखंडी नळांत सेकंदाला एक मीटर वेगानें चाललेलें पाणी क्षणार्धांत थांबविलें, तर सुमारें सव्वाशें मीटर उंचीच्या पाण्याइतका जादा दाब उसळतो, आणि दाबाची ती लाट सेकंदाला हजार मीटरांहून अधिक वेगानें नळांतून धांवते. स्नानगृहांतली तोटी झटकन्‌ बंद करतांच भिंतींत जो ठोका ऐकूं येतो तो हाच. पण हाहि अखेर आंतलाच दाब. भिंत जाड केली, चावी हळू फिरविली, कीं त्याचा बंदोबस्त होतो.

आतां बाहेरच्या दाबाकडे वळूं. येथें आमचे हुषार विद्यार्थी हटकून फसतात. त्यांना वाटतें कीं बाणांच्या दिशा फिरवाव्या, ताणाच्या जागीं चेप लिहावा, आणि उत्तर तेंच ठेवावें. कागदावर तसें करतां येतें. पण नळ कागदावर नसतो. जगांतला कोणताही नळ पुरता गोल नाहीं. कोठें तरी तो केसभर चपटा असतोच. आंतून दाब पडला म्हणजे तो चपटा भाग बाहेर ढकलला जाऊन नळ अधिक गोल होतो. आंतला दाब नळाचें व्यंग झांकतो, नव्हे, तें दुरुस्त करतो. बाहेरून दाब पडला म्हणजे नेमकें उलट घडतें. जेथें नळ केसभर चपटा, तेथेंच दाबाचा पगडा बसतो. तेणेंकरून तो आणखी चपटा होतो. अधिक चपटा झाल्यानें दाब अधिक लागूं पडतो. आणि एका मर्यादेपलीकडे हा प्रकार कोणाच्या हातीं राहत नाहीं. फुटणारा नळ आधीं फुगतो, झिरपतो, कांहीं सूचना देतो. चेपला जाणारा नळ बहुधा कांहींच सांगत नाहीं.

ही गोष्ट एकोणिसाव्या शतकांतील कारखानदारांस कळली ती पुष्कळ जिवांची किंमत देऊन. त्या काळच्या मोठ्या बॉयलरांत मधून लांबच लांब नळ जात. नळांत विस्तव, आणि नळाबाहेर वाफेच्या दाबाखालचें पाणी. बॉयलरची बाहेरची टांकी फुटूं नये म्हणून सारे दक्ष असत, पण आंतला तो विस्तवाचा नळ बाहेरच्या दाबानें चेपला जाई आणि उकळतें पाणी भट्टीच्या तोंडावाटे कामगारांच्या अंगावर येई. विल्यम फेअरबेर्न या मँचेस्टरच्या यंत्रकारानें निरनिराळ्या लांबीचे, व्यासाचे आणि जाडीचे नळ मुद्दाम चेपून पाहिले आणि आपले निष्कर्ष १८५८ सालीं रॉयल सोसायटीपुढें मांडले. त्यांतला सर्वांत विलक्षण निष्कर्ष असा कीं नळ जितका लांब तितका तो दुबळा. आंतल्या दाबाला नळाच्या लांबीशीं कांहीं कर्तव्य नसतें. बाहेरच्या दाबापुढें दुप्पट लांबीचा नळ निम्म्यानेंच टिकाव धरतो. यावर उपायही त्यानेंच सुचविला, आणि तो आमच्या कासारांना किंवा बुरुडांना सांगावा लागला नसता: नळाला ठराविक अंतरावर घट्ट कडीं घालावीं, म्हणजे एक लांब नळ अनेक आंखूड नळांसारखा वागतो.

पुढें १८८८ सालीं ब्रायन या गणितज्ञानें लांब नळाचें सूत्र दिलें. त्यांत जाडीचा घन येतो; भिंत निम्मी पातळ केली तर टिकाव निम्मा होत नाहीं, अष्टमांश होतो. आणि या सूत्रांत पोलाद किती ताण सोसून तुटतें हा आंकडा मुळींच येत नाहीं. येतो तो त्याच्या ताठपणाचा आंकडा, जो साध्या पोलादाचा आणि भारी पोलादाचा जवळजवळ सारखाच असतो. म्हणजे बाहेरच्या दाबासाठीं महाग पोलाद आणून उपयोग नाहीं. याच सूत्रानें हिशेब केला तर असें निघतें कीं एक मीटर व्यासाच्या लांब पोलादी नळाची भिंत सुमारें सहा मिलिमीटरांहून पातळ असली आणि त्याच्या आंत पूर्ण निर्वात झालें, तर बाहेरच्या नुसत्या हवेच्या दाबानें तो चेपला जाईल. हवेचा दाब म्हणजे चौरस सेंटिमीटरला एक किलो. खोपोलीच्या पायथ्याच्या दाबाचा पन्नासावा हिस्सा देखील नव्हे!

दोन्ही शत्रू एकाच दिवशीं एकाच नळावर चालून आल्याचें उदाहरण जपानांत घडलें. १९५० सालीं ओइगावा येथील विद्युत्‌केंद्रांत दुरुस्तीच्या वेळीं एक झडप अकस्मात्‌ मिटली. धांवतें पाणी अडून दाबाचा तडाखा बसला आणि खालच्या बाजूस नळ फाटला. फाटल्या जागेंतून पाणी इतक्या वेगानें बाहेर पडलें कीं वरच्या बाजूस नळांत निर्वात झालें, आणि तेथला नळ बाहेरच्या हवेनें चेपून चपटा केला. तीन माणसें दगावलीं. खालीं नळ भरलेपणानें गेला, वर रिकामेपणानें गेला.

अशा प्रसंगासाठीं मोठ्या नळांवर उंचवट्याच्या जागीं हवेच्या झडपा बसवितात. पाणी उतरूं लागलें कीं त्या उघडतात, नळ श्वास घेतो आणि वांचतो. ही कल्पना सर्वस्वी पाश्चात्यांचीच आहे असा आमच्या वाचकांचा समज असल्यास तो दूर केला पाहिजे. विजापूरच्या आदिलशाहींत शहराला पाणी पुरविण्यासाठीं जे मातीचे नळ चुन्याच्या बांधकामांत पुरले होते, त्यांवर जागोजाग 'गंज' नांवाचे चौकोनी मनोरे उभारलेले आहेत. मनोऱ्यांत पाणी चढे, मोकळ्या हवेस लागे आणि पुन्हां उतरे. त्यामुळें मनोऱ्याच्या उंचीहून अधिक भार त्या ठिसूळ नळांवर पडत नसे. औरंगाबादच्या नहरींवरही असे स्तंभ आहेत. आणि नानासाहेब पेशव्यांच्या काळीं कात्रजच्या तलावापासून पुण्यास जो भुयारी नहर आणला, त्यावर ठिकठिकाणीं जीं उघडीं बांधकामें ठेविलीं त्यांस पुणेंकरांनीं 'उच्छ्वास' असें नांव दिलें. या शब्दावर आमचें प्रेम आहे. पाण्याच्या वाटेलाही श्वास लागतो हें ज्यानें त्या नांवांत सांगितलें त्याचें नांव मात्र कोणास ठाऊक नाहीं.

मातीच्या दाबाविषयीं थोडक्यांत लिहितों. अमेरिकेंतील आयोवा प्रांतांत शेतांतलें पाणी काढून देण्यासाठीं पुरलेले नळ चिरूं लागले, तेव्हां अँसन मार्स्टन यानें १९१३ सालीं वरच्या मातीचा भार मोजण्याची रीत दिली. आणि त्याच परंपरेंतल्या स्पँगलरनें १९४१ सालीं असें दाखविलें कीं पातळ, लवचिक नळ स्वतःच्या बळावर उभा नसतोच. वरून भार आला कीं तो बाजूंना फुगूं पाहतो, बाजूची माती त्याला आवरून धरते, आणि ती माती नीट धुमसलेली असली तरच नळ टिकतो. पन्नास रुपयांचा नळ आणि शंभर रुपयांचें चर भरणें, असा हा व्यवहार आहे. पण आमच्याकडे नळाची पावती तपासतात, चराची माती कोणी तपासत नाहीं.

येथवर आलों तें सारें आम्ही वर्गांत सांगतों. यापुढचें आम्ही फार दिवस सांगत नव्हतों, कारण तें कोणत्याही अभ्यासक्रमांत नाहीं.

आमच्या गल्लींतला नळ हातभर रुंद देखील नाहीं. बिडाचा, चार इंची, जाड भिंतीचा. त्याला बाहेरची हवा चेपूं शकत नाहीं. ब्रायनचें सूत्र त्याला लावणें म्हणजे मुंगीवर तोफ डागणें होय. परंतु बाहेरच्या दाबाला नळ चेपणें हा एकच धंदा येतो असें नाहीं. चेपतां आलें नाहीं तर तो आंत शिरतो.

आमच्या गांवीं तेव्हांही दिवसाआड पाणी येई आणि आजही येतें. आलें म्हणजे तासभर. म्हणजे अठ्ठेचाळीस तासांपैकीं सत्तेचाळीस तास नळ रिकामा. लोकांच्या मनांत रिकामा नळ म्हणजे निरुपद्रवी वस्तु. वास्तविक भरलेल्या नळाला तडा असला तर पाणी बाहेर गळतें, रस्ता ओला होतो, नुकसान पैशाचें होतें. रिकाम्या नळाला तोच तडा असला आणि त्याच्या शेजारून गटार वाहत असलें, तर जें बाहेर आहे तें आंत येतें, आणि रस्ता कोरडा ठणठणीत असतो. त्यांत आणखी गल्लीच्या वरच्या टोंकाच्या घरांना पाणी चढत नाहीं म्हणून जवळजवळ प्रत्येक घरानें नळाला विजेची मोटार जोडलेली. पाणी सुटण्याच्या वेळीं साऱ्या मोटारी एकदम घुरघुरूं लागत आणि नळांतून पाणी ओढून घेत. म्हणजे जो काय एक तास नळ भरलेला असायचा, त्या तासांतही त्याच्या आंत कित्येकदां बाहेरच्याहून कमी दाब. आमच्या घरीं मोटार नव्हती ती तत्त्वनिष्ठेमुळें नव्हे. आमचें घर उताराच्या तोंडाशीं आहे आणि तेथें पाणी आपोआप येतें.

राजा नळाच्या अंगांत शिरण्यासाठीं कली बारा वर्षें टपून बसला होता असें महाभारतांत आहे. राजा पुण्यवान्‌, कोठें फट सांपडेना. अखेर एके दिवशीं पाय न धुतां तो संध्येस बसला आणि तेवढ्या छिद्रांतून कली आंत आला. लहानपणीं ही कथा ऐकतांना ती आम्हांस अन्यायाची वाटे. एवढ्याशा चुकीला एवढी शिक्षा! तडा गेलेला नळ आणि त्याच्या बाजूचें गटार पाहिल्यापासून तींतला हिशेब आम्हांस चोख वाटूं लागला आहे. कलीला मोठें दार लागत नाहीं. त्याला आंत ओढणारा एक क्षण लागतो.

सहा वर्षांपूर्वींच्या पावसाळ्यांत आमच्या भागांत कावीळ पसरली. ती 'ई' प्रकारची, दूषित पाण्यावाटे पसरणारी. या रोगाचा एक कावा असा कीं पाणी पोटांत गेल्यापासून रोग दिसूं लागेपर्यंत दोन ते दहा आठवडे जातात. लोक पिवळे पडूं लागले तेव्हां नगरपालिकेनें पाण्याचे नमुने घेतले ते निर्दोष ठरले, आणि ते खरोखरच निर्दोष असतील; ज्या पाण्यानें घात केला तें महिन्यापूर्वीं वाहून गेलें होतें. बहुतेक माणसें या रोगांतून बरीं होतात. गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत मात्र तो फार घातकी आहे. त्या अवस्थेंत ज्यांना तो होतो त्यांपैकीं पांचांत एक वा त्याहूनही अधिक दगावूं शकतात. आमच्या शेजारच्या घरच्या सुनेला आठवा महिना होता. सहाव्या दिवशीं ती शुद्धीवर नव्हती आणि नवव्या दिवशीं ती नव्हती. मूलही नव्हतें. तिच्याविषयीं याहून अधिक लिहिण्याचा अधिकार आमचा नाहीं. पहांटे अंगणांत पाणी भरतांना ती गुणगुणत असे, एवढें आम्ही भिंतीपलीकडून जाणत होतों.

त्यानंतर आम्ही आमच्या प्रयोगशाळेंतला एक दाबमापक, शून्याच्या दोन्ही बाजूंना मोजणारा, आणून आमच्या नळाला जोडला. तिसऱ्या वर्षाचे चार विद्यार्थी पाळी लावून पहांटे येऊन बसत. पाणी सुटलें कीं कांटा थोडा वर चढे. मग गल्लींतल्या मोटारी सुरू होत, आणि कांटा हळूहळू खालीं येऊन शून्य ओलांडी. आमचें घर उताराच्या तळाशीं. तेथें कांटा शून्याखालीं जातो तर वर काय होत असेल हें मुलांना सांगावें लागलें नाहीं. रुक्ष विषयाची तक्रार त्या वर्षीं कोणीं केली नाहीं.

पाणी सोडणाऱ्या कामगारास, ज्यांना सारी गल्ली चावीवाले म्हणते, त्यांना आम्हीं कांटा दाखविला. ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "सर, हें आम्हांला ठाऊक आहे. चावी उघडली कीं नळ आधीं हवा ओढतो, त्याचा आवाज येतो. आवाज कोठून येतो तें मला झोंपेंतही सांगतां येईल." त्यांनीं जागा दाखविली. आठ दिवसांनीं नगरपालिकेनें ती खणली. खालीं बिडाचा नळ सांपडला तो आडवा तडकलेला, अगदीं सरळ रेघेंत. दोन वर्षांपूर्वीं कसल्याशा तारा पुरण्यासाठीं तेथें चर खणला होता आणि माती न धुमसतां तसाच भरला होता. खालची माती बसली, नळ अधांतरीं राहिला आणि वरच्या वाहनांच्या भारानें वांकून तुटला. तड्यापासून गटार दीड हातावर. नळाचा तो तुकडा बदलला, गटार मात्र आहे तेथेंच आहे.

चोवीस तास पाणी म्हणजे श्रीमंतांची चैन, असें आमच्याकडे पुष्कळ शहाणीं माणसें म्हणतात. पाणीच अपुरें असतां चोवीस तास कोठून द्यावें, हा त्यांचा प्रश्न टाकाऊ नाहीं. पण त्यांनीं दिवसाआड पाणी भरणारें घर पाहावें. नवें पाणी आलें कीं हंड्यांतलें कालचें पाणी 'शिळें झालें' म्हणून मोरींत ओततात. तोटी उघडी ठेवून कामाला जातात, कारण पाणी केव्हां येईल याचा भरंवसा नाहीं. टांकी भरून वाहते. अपुरेपणानेंच उधळपट्टी होते. हुबळी-धारवाडच्या कांहीं भागांत २००८ च्या सुमारास अखंड पाणी देण्यास आरंभ झाला, तेव्हां अभ्यासकांनीं दोन्ही प्रकारच्या भागांतलें पाणी तपासलें. खंडित पुरवठ्याच्या भागांत दूषित नमुने अधिक निघाले, आणि विशेषतः पाणी सुटतांना जें पहिलें पाणी येतें तें वाईट. कऱ्हाडनजीकच्या मलकापुरानें, कांहीं मोठें शहर नसतां, चोवीस तास पाणी देऊन दाखविलें. आमच्या मतें अखंड पुरवठ्याचा मुख्य लाभ सोय हा नव्हेच. नळ भरलेला असणें हीच नळाची तटबंदी आहे. जुने नळ, जवळचीं गटारें, निकृष्ट चर हें सारें एका दिवसांत बदलणार नाहीं. परंतु आंत दाब असेपर्यंत तड्यांतून बाहेरची घाण आंत येत नाहीं, एवढें तरी निसर्ग आपल्या पदरीं घालतो. आम्हीं या अर्थाचें निवेदन कांट्याच्या आंकड्यांसह योग्य त्या ठिकाणीं दिलें. त्याची पोंच आमच्याजवळ आहे.

तिचे सासरे, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतों, निवृत्त लेखनिक. दिवस होऊन महिना लोटल्यावर एके संध्याकाळीं ते आमच्या ओसरीवर येऊन बसले. बराच वेळ इकडचें तिकडचें बोलून झाल्यावर त्यांनीं विचारलें, "सर, त्या जागीं पाणी बाहेर गळतांना मी कधीं पाहिलें नाहीं. मग घाण आंत शिरली कशी?" आम्हीं त्यांना रिकाम्या नळाची गोष्ट सांगितली; बोलतां बोलतां मोटारींपर्यंत आलों, आणि थांबलों. अण्णांचें घर गल्लीच्या वरच्या अंगास, आणि त्यांच्या मोटारीचा आवाज आम्हांस तीस वर्षांच्या शेजारानें ओळखीचा. त्यांनीं पुढचें वाक्य आपणच पुरें केलें. "म्हणजे आमच्याही मोटारीनें?"

शिक्षकाला अशा वेळीं सोपें उत्तर सुचतें. तें खोटें असतें म्हणून तें शिक्षकाला देतां येत नाहीं. आम्हीं म्हटलें, "अण्णा, कांटा नळांतला दाब सांगतो. मोटार कोणाची तें सांगत नाहीं. गल्लींत चौदा मोटारी आहेत." त्यांनीं मान हलविली. "चौदांत एक," ते म्हणाले. यावर आम्हांस बोलण्यासारखें कांहीं राहिलें नाहीं, आणि आम्ही बोललों नाहीं. आंतून चहा आला तो त्यांनीं घेतला.

दुसऱ्या दिवशीं अण्णांनीं मोटार काढून ठेविली. आतां वरच्या अंगास त्यांच्याकडे तासाभरांत चार हंडे भरतात, तेवढ्यांत दोन म्हातारीं माणसें आणि मुलगा भागवितात. चौदांपैकीं आणखी तीन मोटारी निघाल्या, दहा अद्याप आहेत; त्या घरांत लहान मुलें आहेत, त्यांना पाणी हवें, आणि त्यांना दोष देण्याचें आम्हांस होत नाहीं. दाबमापक आमच्या नळाला तसाच आहे. विद्यार्थी आपापल्या वाटेनें गेले. दिवसाआड पहांटे पाणी सुटायच्या वेळीं अण्णा चष्मा लावून खालीं येतात, कांट्यासमोर स्टुलावर बसतात, आणि लेखनिकाच्या वळणदार अक्षरांत दर पांच मिनिटांचा आंकडा वहींत उतरून घेतात. शून्याखालचा आंकडा ते तांबड्या शाईनें लिहितात. गेल्या मंगळवारचें पान त्यांनीं आम्हांस दाखविलें. त्यावर तांबडे आंकडे सात होते, त्याच्या आदल्या पानावर नऊ.